शहरालगतची शेतजमीन : घरें व दुकानें यांच्या वसाहतीची आंखणी

शहराची हद्द आपल्या शिवेस येऊन भिडली म्हणजे शेतकऱ्याच्या दारीं तीन प्रकारचे लोक येऊं लागतात. पहिला दलाल, दुसरा इमारती बांधून विकणारा विकसक, आणि तिसरा आपलाच एखादा भाऊबंद, कीं ज्यानें आजवर वांट्याचा विषय कधीं काढला नव्हता. तिघांचेंही म्हणणें एकच असतें : भाव चांगला आहे तोंवर जमीन मोकळी करावी. पुष्कळ ठिकाणीं ती तशी मोकळी होतेही. आलेल्या पैशांतून घर होतें, मोटार होते, दोन लग्नें थाटानें होतात; आणि त्याच जमिनीवर पुढें ज्या इमारती उभ्या राहतात, त्यांच्या पहारेकऱ्याच्या खोलींत त्या घरचा मुलगा रात्रपाळीस बसलेला दिसतो. शहरालगत राहणाऱ्या आमच्या वाचकांस अशीं उदाहरणें नांवानिशीं ठाऊक असतील, म्हणून तीं येथें सांगत बसत नाहीं.

जमीन शेतींतून जाणारच असेल, तर तिची मालकी न सोडतां तिच्यावर घरें व दुकानें यांची एकत्र वसाहत शेतकऱ्यांनीं स्वतः कशी आंखावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे. आरंभीं एक गोष्ट मात्र स्पष्ट केली पाहिजे. ज्या काळ्या रानास विहिरीचें वा कालव्याचें बारमाही पाणी आहे, तें वसाहतीसाठीं घालविण्याची घाई कोणीं करूं नये. तशा जमिनीवर घरही सुखानें उभें राहत नाहीं. ती पावसांत फुगते, उन्हाळ्यांत भेगाळते, आणि पाया मुरमापर्यंत नेल्यावांचून भिंती तडकतात. मुरमाड माळ पिकास नापसंत असला तरी घरास फार मानवतो. शेतकऱ्यास आपल्या रानांतील हा भेद नकाशा काढणाऱ्यापेक्षां अधिक चांगला समजतो, आणि आंखणीच्या कामांत त्याचें खरें भांडवल हेंच आहे.

शेतकऱ्यांनीं मिळून केलेल्या वसाहतींत पुण्याच्या पूर्वेस हडपसर येथील मगरपट्ट्याचें उदाहरण सर्वांत बोलकें आहे. शहर जवळ येत चाललें तेव्हां, १९९० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत, तेथील सुमारें १२० शेतकरी कुटुंबांनीं सतीश मगर यांच्या पुढाकारानें आपली मिळून चारशें एकरांहून अधिक जमीन एकत्र करण्याचा निश्चय केला. त्यांनीं कंपनी स्थापन केली व ज्याची जितकी जमीन तितका त्याचा भाग असें ठरविलें. २००० सालाच्या सुमारास बांधकामास आरंभ झाला. आज तेथें घरें, शाळा, दुकानें, रुग्णालय, संगणक-व्यवसायाच्या कचेऱ्या व मोठें उद्यान हीं सर्व एकाच आंखणींत आहेत. पुढें सिंहगड रस्त्यावर नांदेड गांवीं सुमारें सातशें एकरांवर याच धर्तीची दुसरी वसाहत झाली. मूळ मालक येथें भागीदार म्हणून टिकले, हें या उदाहरणाचें मर्म होय. चारशें एकर प्रत्येक गांवीं एकत्र होणार नाहींत. पण वीस एकर होऊं शकतात, आणि आंखणीचे नियम वीस एकरांसही तेच आहेत.

जमिनी एकत्र कां कराव्या, याचें कारण आपल्या शेतांच्या आकारांतच आहे. शेताचा आकार नांगराच्या सोयीनें व पिढ्यान् पिढ्यांच्या वाटण्यांनीं ठरलेला असतो, घराच्या सोयीनें नव्हे. एखाद्याची पट्टी नव्वद फूट रुंद व हजार फूट लांब आहे असें समजा. त्यानें एकट्यानें भूखंड पाडावयाचे म्हटलें, तर तीस फुटांचा रस्ता लांबीभर काढावा लागतो, म्हणजे जमिनीचा तिसरा हिस्सा रस्त्यांतच गेला. शेजाऱ्यानेंही तेंच केलें म्हणजे दोन रस्ते एकमेकांस समांतर धावतात, मध्यें कुंपण राहतें, आणि दोहोंपैकीं एकही रस्ता पलीकडे कोठें निघत नाहीं. हेच दोन बांध काढून टाकले असते तर एका रस्त्यानें दोघांचें काम झालें असतें. मुंबई इलाख्यांत १९१५ सालीं जो नगररचनेचा कायदा झाला, त्याचा पाया हाच आहे : सर्वांच्या जमिनी कागदावर एक कराव्या, त्यांतून रस्ते व सार्वजनिक जागा काढाव्या, आणि उरलेली जमीन चौकोनी भूखंडांच्या रूपानें प्रत्येकास त्याच्या हिश्श्याप्रमाणें परत द्यावी. महाराष्ट्राच्या १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमांतही ही तरतूद आहे. गुजराथेंत मात्र तिचा उपयोग आपल्याकडच्यापेक्षां पुष्कळ अधिक होत आला आहे, हें आपल्यास भूषणावह नाहीं.

आतां हिशेब पाहूं. वीस एकर म्हणजे ८०० गुंठे; एक गुंठा १,०८९ चौरस फुटांचा. रस्ता तीस फूट व त्याच्या दोन्ही अंगांस साठ साठ फूट खोलीचे भूखंड धरले, तर दर दीडशें फुटांत तीस फूट रस्ता, म्हणजे शेंकडा वीस. भूखंड चाळीस फूटच खोल ठेवले, तर एकशेंदहांत तीस, म्हणजे शेंकडा सत्तावीस. थोड्या उथळ भूखंडांनीं किती जमीन डांबराखालीं जाते तें यावरून दिसेल. शिवाय दर चारशें फुटांवर एक आडवा रस्ता हवाच. साठ फूट खोलीच्या आंखणींतही तो धरून एकंदर रस्ते जवळ जवळ चौथाई होतात, म्हणून आपण २०० गुंठे रस्त्यांस देऊं. महाराष्ट्रांतील बहुतेक शहरांस २०२० पासून लागू झालेल्या एकत्रित विकास नियमावलीप्रमाणें एक एकराच्या वर आंखणी करावयाची तर शेंकडा दहा जागा खुली ठेवावी लागते. ते ८० गुंठे. शाळा, दवाखाना, पाण्याची टांकी यांसाठीं आणखी ४० गुंठे धरूं. बाकी राहिले ४८०, म्हणजे मूळच्या शेंकडा साठ. ज्याचे तीन एकर आंत आले त्याच्या वांट्यास १२० गुंठ्यांऐवजीं ७२ गुंठे येतात. हा आकडा पहिल्या बैठकींतच सर्वांपुढें मांडावा. अठ्ठेचाळीस गुंठे कोठें गेले, हा प्रश्न पांच वर्षांनीं निघाला तर वसाहतीऐवजीं दावे उभे राहतात.

या ४८० गुंठ्यांतून एक एकर, म्हणजे ४० गुंठे, बाजारासाठीं बाजूला काढले, कीं ४४० राहतात. त्यांत सरासरी १,६०० चौरस फुटांचे सुमारें ३०० भूखंड बसतात. सर्व भूखंड सारखे मात्र पाडूं नयेत. कांहीं आठशें फुटांचे असूं द्यावे, कांहीं अडीच हजारांचे. दुकानांत काम करणारा, शाळेंत शिकविणारी, रिक्षा चालविणारा, हीं माणसें त्याच वसाहतींत राहूं शकलीं तरच ती वस्ती दिवसभर जागी राहते. आजवर त्या शिवारांत मजुरीस येणाऱ्या कुटुंबांचा विचारही येथेंच व्हावा. जमीन गेल्यावर मालकास भाग मिळतो, पण मजुरास कांहींच मिळत नाहीं. एका बाजूस वीस-पंचवीस लहान भूखंड त्यांच्यासाठीं परवडेल अशा हप्त्यांनीं ठेवणें सर्वांनीं मनांत आणल्यास अशक्य नाहीं.

रस्त्यांच्या रेघा कागदावर ओढण्यापूर्वीं पाण्याच्या रेघा ओढाव्या. पावसाळ्यांत पाणी कोणत्या बांधावरून उतरतें, कोठें दोन दिवस तुंबतें, ओढ्यास मोठ्यांत मोठा पूर आला तेव्हां पाणी कोणत्या झाडापर्यंत चढलें होतें, हें गांवांतील म्हाताऱ्या माणसांस विचारून नकाशावर खुणावें. त्या खुणेच्या आंत घर, दुकान, भिंत कांहींच नको. तेथेंच खुली जागा व बाग ठेवावी. म्हणजे कायद्याची अट आणि ओढ्याची वाट दोन्ही एकदमच साधतात. ओढा पाइपांत कोंडून वर भूखंड पाडण्याचा मोह फार होतो. त्याचें फळ पुण्यांत २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्रीं दिसलें. आंबिल ओढ्याचें पाणी वस्त्यांत शिरलें, भिंती कोसळल्या, माणसें व जनावरें वाहून गेलीं. जुन्या विहिरीही बुजवूं नयेत. बागेस व धुण्यास त्यांचें पाणी चालतें, आणि छपरांवरचें पाणी गाळून त्यांत सोडतां येतें. रस्त्यांखालची व पायाखालची वरची काळी माती उचलून एके ठिकाणीं रास करून ठेवावी. बागेसाठीं तीच माती पुढें विकत आणावी लागते, ही गंमत आम्ही एकाहून अधिक ठिकाणीं पाहिली आहे.

दुकानांचा प्रश्न घरांहून कठीण आहे. घर रिकामें राहिलें तर मालकाचें नुकसान. दुकानें रिकामीं राहिलीं तर सबंध वसाहतीस अवकळा येते. सामान्य चूक अशी होते कीं, हमरस्त्यास लागून जेवढी लांबी आहे तेवढीवर ओळीनें गाळे काढले जातात. रस्ता रुंद व्हावयाचा ठरला म्हणजे पहिल्यानें गाळ्यांच्या ओट्यांवरच खूण होते. धांवत्या रस्त्यावर गाडी थांबवून कोणी भाजी घेत नाहीं, आणि मागच्या घरांतील बायकांमुलांस दुकानांत जाण्यासाठीं मोटारींच्या गर्दींतून जावें लागतें. म्हणून पेठ हमरस्त्यास समांतर न ठेवतां काटकोनांत ठेवावी. तिचें तोंड हमरस्त्यावर असावें, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्यास ती दिसते. आणि शेवट वसाहतीच्या मध्यभागीं असावा, म्हणजे एस्टीच्या थांब्याकडे जाणारा प्रत्येक माणूस तिच्यांतून जातो. दुकानें दोन्ही बाजूंस समोरासमोर हवींत. एका बाजूस दुकानें व दुसऱ्या बाजूस कुंपणाची भिंत, अशा रस्त्यावर संध्याकाळीं कोणी रेंगाळत नाहीं. पुण्याच्या जुन्या पेठांत वाड्याच्या रस्त्याकडच्या खोल्या दुकानांस, आंत चौक व वर माडीवर बिऱ्हाडें, अशी जी रचना होती तिच्यांत हें सर्व होतें. ती कोणा परदेशी शास्त्रज्ञानें शिकविली नव्हती.

गाळे किती काढावे, हें जमिनीवरून ठरवूं नये, गिऱ्हाइकांवरून ठरवावें. तीनशें घरें आहेत; प्रत्येक घरीं किराण्यास महिन्यास आठ हजार रुपये लागतात व त्यांतले निम्मे जवळच्या दुकानांत खर्च होतात असें धरूं. महिन्याची विक्री बारा लाख झाली. किराण्यांत शेंकडा दहा सुटले तर एक लाख वीस हजार. दोन दुकानें असलीं तर प्रत्येकास साठ हजार पडतात. त्यांतून बारा हजार भाडें, नोकर व वीज जाऊन एक संसार चालतो. तीन दुकानें काढलीं तर प्रत्येकास चाळीस हजार, आणि तिघांपैकीं एक जण वर्षाच्या आंत कुलूप लावतो. आंकडे आपापल्या गांवचे घालावे, पण रीत ही असावी. अशाच रीतीनें दूध, भाजी, औषधें, गिरणी, केशकर्तनालय, शिंपी, वह्या-पुस्तकें, उपाहारगृह, दुरुस्तीचीं कामें यांचा अंदाज घेतला तर वीस एकरांच्या वसाहतीस आरंभीं सोळा गाळे पुरेसे होतात. जागा चोवीस गाळ्यांची राखून ठेवावी. शेजारच्या वाड्या-वस्त्यांचें गिऱ्हाईक जमूं लागलें कीं उरलेले आठ बांधावे.

गाळा बारा फूट रुंद व तीस फूट खोल असला म्हणजे बहुतेक धंद्यांस चालतो. मोठें दुकान हवें असेल त्यानें दोन जोडून घ्यावे. बारा बारा गाळ्यांच्या दोन ओळी समोरासमोर धरल्या तर पेठ दीडशें फुटांच्या आंतच राहते, आणि ती तेवढीच असावी. मधला रस्ता साठ फुटांचा, दोन्ही अंगांस आठ फुटांची पडवी. पडवीखालून माणसें उन्हापावसांत चालतात. ती दुकानदारानें मालानें भरूं नये यासाठीं करारांतच कलम घालावें, कारण एकानें एक पोतें बाहेर ठेवलें कीं महिन्याभरांत वाट बंद होते. माल उतरविण्यास पाठीमागें पंधरा फुटांची गल्ली हवी. वरच्या मजल्यावर जाण्याचा जिना दुकानांतून नसावा, बाजूनें असावा. नाहीं तर वर राहणाऱ्यास दुकानदाराच्या मर्जीनें घरीं जावें लागतें. ज्या ओळीचें तोंड पश्चिमेस येईल तिची पडवी दहा फूट करावी, कारण वैशाखांतलें तिसऱ्या प्रहरचें ऊन फळांची व मिठाईची नासाडी करतें. पिठाची गिरणी, लोखंडकाम, भट्टी यांस वसाहतीच्या पूर्वेच्या टोंकास जागा द्यावी. देशावर उन्हाळ्यापासून पावसाळ्याच्या अखेरपर्यंत वारा बहुतकरून पश्चिमेकडून वाहतो, त्यामुळें धूर व पीठ घरांवर येत नाहीं. पेठेच्या आंतल्या टोंकास दहा-बारा भाजीचे ओटे बांधावे व ते सभासद शेतकऱ्यांस आळीपाळीनें द्यावे. ज्यांची कांहीं जमीन अजून पिकाखालीं आहे, त्यांस तीनशें घरांचें गिऱ्हाईक दारांत मिळतें.

घरांचे भूखंड विकावे, पण गाळे विकूं नयेत, असें आमचें ठाम मत आहे. गाळा विकला कीं त्यांत काय चालावें हें विकत घेणारा ठरवितो; मग औषधाचें दुकान जाऊन दारूचें येतें, आणि घरांच्या भूखंडांचा भावही उतरतो. सोळा गाळ्यांचें दरमहा बारा हजारांप्रमाणें १,९२,००० रुपये भाडें होतें. वीस एकरांवर वांटलें तर एकरीं ९,६०० रुपये महिना, म्हणजे वर्षास १,१५,२००. कर, दुरुस्ती व रिकामे महिने यांसाठीं तिसरा हिस्सा वजा केला तरी ७६,८०० राहतात. ही रक्कम आपल्या उसाच्या एकरी निव्वळ उत्पन्नाशीं वाचकांनीं ताडून पाहावी, आणि भूखंडांची किंमत याहून वेगळी आहे हेंही लक्षांत घ्यावें.

भाड्याचें उत्पन्न जमिनीच्या मालकसंस्थेकडे कायम ठेवण्याचा प्रयोग इंग्लंडांत शंभरांहून अधिक वर्षें चालू आहे. एबेनेझर हॉवर्ड यांच्या कल्पनेवरून १९०३ सालीं एक कंपनी निघाली. तिनें लंडनच्या उत्तरेस लेचवर्थ येथें ३,८१८ एकर जमीन घेतली, मध्यें गांव आंखलें व सभोंवार शेतीचा पट्टा राखला. जमीन विकावयाची नाहीं, दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यानें द्यावयाची. आणि भागीदारांस शेंकडा पांचाहून अधिक नफा द्यावयाचा नाहीं, उरेल तो गांवासाठीं खर्चावयाचा, असा नियम ठेवला. आज तें काम १९९५ सालीं स्थापन झालेल्या विश्वस्त संस्थेकडे आहे. आपल्या शेतकऱ्यांनीं नफ्यावर अशी मर्यादा घालून घ्यावी असें आम्ही म्हणत नाहीं. त्यांस संसार चालवावयाचा आहे. पण एक गोष्ट लेचवर्थकडून शिकावी. तेथें भागीदारांस पहिला नफा मिळण्यास जवळ जवळ दहा वर्षें लागलीं. आपल्याकडे इतका काळ लागण्याचें कारण नाहीं, तरी चार-पांच वर्षें हातीं कांहीं येणार नाहीं असें धरूनच चालावें. या काळांत जमिनीचा एखादा तुकडा पिकाखालीं ठेवावा. सर्व शेत पहिल्याच वर्षीं उजाड करूं नये.

कागदपत्रांविषयीं थोडक्यांत. सर्व गटांची सरकारी मोजणी आधीं करून घ्यावी व वारसांच्या नोंदी पुऱ्या कराव्या. हिंदु वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनें वडिलोपार्जित जमिनींत मुलींचा हक्क मुलांच्या बरोबरीचा झाला आहे. बहिणीची सही हक्कसोडीच्या कागदावर घेण्यापेक्षां तिचें नांव भागीदारांच्या यादींत घालणें न्यायाचें आहे, आणि कचेरीच्या दृष्टीनेंही सोयीचें आहे. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग दोन अशी नोंद असेल तर परवानगीवांचून पाऊल टाकूं नये. कोणासही विक्रीचा सरसकट अधिकार देणारें कुलमुखत्यारपत्र लिहून देऊं नये. विकसकाशीं भागी करावयाचीच असेल, तर अधिकार टप्प्याटप्प्यानें द्यावा : रस्ते व पाणी पुरें झाल्यावर इतके भूखंड, मग पुढचे. स्थावर संपदेच्या २०१६ च्या कायद्यानें पांचशें चौरस मीटरांहून मोठ्या आंखणीचे भूखंड विकण्यापूर्वीं महारेराकडे नोंदणी करावी लागते. खरेदीदारांकडून आलेल्या रकमेपैकीं शेंकडा सत्तर वेगळ्या खात्यांत ठेवून त्याच कामावर खर्च करावे लागतात. ही अट पुष्कळांस जाचक वाटते. आम्हांस ती शेतकरी भागीदारांच्या हिताची वाटते, कारण त्यामुळें पहिल्या विक्रीचा पैसा दुसऱ्याच गांवच्या जमिनींत जात नाहीं.

कामाचा क्रम असा ठेवावा. मोजणी उन्हाळ्यांत, रान मोकळें असतां. पुढचा पावसाळा पाण्याच्या खुणा पाहण्यांत घालवावा. आंखणी मंजूर झाली कीं पहिला खर्च गटारें, सांडपाण्याची शुद्धि, पाणी व मुख्य रस्ता यांवर करावा, कमानीवर नव्हे. झाडें त्याच वर्षीं लावावीं. घरें उभीं राहीपर्यंत वड, कडुनिंब चांगले वाढलेले असतात. पहिलीं चाळीस घरें पेठेच्या आंतल्या टोंकाभोंवतीं द्यावीं, आणि त्यांबरोबरच किराणा, दूध व औषधें हे तीन गाळे उघडावे. त्या तिघांकडून पहिलीं दोन वर्षें निम्मेंच भाडें घ्यावें, कारण पुढील अडीचशें घरांचें गिऱ्हाईक तेच आणीत असतात. मंजूर नकाशांतील खुली जागा, ओढ्याचा पट्टा व भाजीचे ओटे यांची नोंद संस्थेच्या नांवें स्वतंत्र सातबाऱ्यावर करून घ्यावी, आणि त्या उताऱ्याची प्रत दरवर्षीं वार्षिक सभेंत वाचून दाखवावी.